दोरी स्वस्त आहे, म्हणूनच मिळते



बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा तपशील पुन्हा सांगत नाही. ऐकून ज्याच्या पोटात कालवले नाही, त्याच्यासाठी हे पत्रक नाही. 20 ऑगस्ट 2024 ला लोक रुळांवर उतरले, लोकल अडवल्या. तक्रार नोंदवून घ्या म्हणत आईबापांना तासन् तास बसावे लागले, तर माणसे रुळांवरच येणार.

आमचे भांडण आहे ते त्या दिवशी सर्वांत मोठ्याने दिलेल्या घोषणेशी. ‘फाशी द्या!’

त्याच आठवड्यात आमच्याकडे मेणबत्ती मोर्चा निघाला. पुढे आठवीतली एक पोर, हातात खोक्याचा पुठ्ठा. एका बाजूला लाल स्केचपेनने काढलेला फास. मागच्या बाजूला खोक्यावरची मूळ छपाई, ‘काच. जपून हाताळा.’ एक पुढारी आले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. फाशीची मागणी पुढाऱ्यांना फार मानवते. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरायच्या तर पैसा लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तुंबलेले नमुने तपासायला माणसे लागतात. दोरीला काय लागते? एक विधेयक आणि बाके वाजवणारे हात.

हा हिशेब बघा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा 2012 चा पोक्सो कायदा सांगतो, दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष नोंदवा आणि खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवा. ही मुदत किती खटल्यांत पाळली जाते, ते कुठल्याही कोर्टाच्या व्हरांड्यात विचारा. मुदत पाळण्याची सोय करायची सोडून 2019 मध्ये त्याच कायद्यात फाशी घातली. एसटी आगारातून सुटत नाही आणि आम्ही पाटीवर ‘जलद’ रंगवून घेतले! 2021 मध्ये आपल्या विधिमंडळाने महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक मंजूर केले, त्यातही फाशी होती. टाळ्या झाल्या. कायदा काही झाला नाही.

शिक्षेची कामे चार: गुन्हेगाराचा बंदोबस्त, इतरांना जरब, जमल्यास सुधारणा आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय. बंदोबस्त जन्मठेपेनेही होतो. सुधारणेचा फाशीशी संबंधच नाही. राहिली जरब आणि न्याय.

जरब कशाची बसते? सापडण्याची. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत बलात्काराच्या निकाली खटल्यांपैकी शंभरात सुमारे सत्तावीसच खटल्यांत शिक्षा झाली. सुटलेला प्रत्येक जण गुन्हेगार असतो असे नव्हे. पण गुन्हा करू पाहणाऱ्याला हा आकडा काय शिकवत असेल? आणि 2004 पासूनच्या वीस वर्षांत देशात फासावर गेले आठ जण, तेही सगळ्या गुन्ह्यांचे मिळून.

आता न्याय. पुण्याजवळ गहुंज्यात 2007 मध्ये बलात्कार आणि खून झाला. फाशी सुनावली 2012 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती कायम केली, दयेचा अर्ज 2017 मध्ये फेटाळला गेला. मग कागद पडून राहिले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली. कारण, अंमलबजावणीला झालेला अक्षम्य उशीर. हीच कैद वर्षाच्या आत सुनावली असती, तर त्या घराची सुमारे अकरा वर्षे वाचली असती.

यावर ठरलेले प्रश्न येतात.

‘तुमच्या घरात झाले असते तर?’ तर मी कोयता घेऊनच निघालो असतो. म्हणूनच त्या खटल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीत मला बसवत नाहीत.

‘मग नराधमांना फुकट पोसायचे का?’ अहो, तुरुंगात जेवणाऱ्या दर चौघांतले तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा निकालच लागलेला नाही. खर्च खुपत असेल, तर निकाल मागा.

‘निदान धाक तरी बसेल!’ मुलांवरच्या अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: काका, शेजारी, शिकवणीचे सर. आपल्या शब्दाने सख्खा काका फासावर जाणार म्हटल्यावर आजी पोरीच्या तोंडावर हात ठेवते. बलात्काराला आणि खुनाला एकच दोर असेल, तर साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराचा काय फायदा? बलात्कारविषयक कायद्यांत सुधारणा सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने 2013 मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही, ती काय गुन्हेगारांच्या प्रेमापोटी?

बदलापूरचा मुख्य आरोपी सुमारे महिन्याभरातच पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. कुठे पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला मात्र उभाच राहिला नाही.

आणि खटला उभा राहिला तरी काय होते? जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात मायलेकी पाहिल्या होत्या. सकाळी अकराला आलेल्या. डबा तिथेच बाकावर खाल्ला. साडेचारला पुकारा झाला, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, तारीख पडली. पोरगी आईला विचारत होती, ‘म्हणजे परत यायचं?’ अशा पाच-सात तारखांनंतर साक्षीदार फितूर झाला की आपण त्यालाच नावे ठेवतो.

तेव्हा पुढच्या मोर्चात पुठ्ठ्यावर फास काढू नका. आपल्या जिल्ह्यात पोक्सोचे किती खटले वर्षाहून जुने आहेत, तो आकडा मागून घ्या आणि तोच ठळक लिहा. फोटो काढायला पुढारी आले, की पुठ्ठा त्यांच्या हातात द्या.

वाचून झाल्यावर पत्रक शेजारी द्या.