आधी इंधन, मग इंजिन

दिल्ली-जयपूर महामार्गावर गुरुग्राम मागे टाकले की मानेसर लागते. मराठी माणसाला हे नाव बहुधा मारुतीच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. पण तिथे 'आयकॅट' नावाची संस्थाही आहे. पुण्यात टेकडीवरची एआरएआय जे काम करते तेच हीही करते: नवी गाडी नियमात बसते की नाही ते तपासायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. अवजड व्यापारी वाहनांच्या वर्गातले वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या बीएस-६ नियमांचे देशातले पहिले प्रमाणपत्र २०१८ मध्ये इथूनच निघाले. बीएस-६ ची देशभर सक्ती मात्र १ एप्रिल २०२० पासून झाली. आज ज्या वादात उतरायचे आहे, त्याचे उत्तर मला या दोन तारखांमधल्या अंतरात दिसते.

वाद आहे विकेंद्रित समाजमाध्यमांचा. मॅस्टोडॉनसारख्या जाळ्याला एक मालक नसतो. हजारो स्वतंत्र सर्व्हर असतात, आणि ते एकमेकांशी 'ॲक्टिव्हिटीपब' या प्रोटोकॉलने बोलतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला २३ जानेवारी २०१८ रोजी मान्यता दिली. इथल्या सर्व्हरवरचा मजकूर तिथल्या सर्व्हरच्या टपालपेटीत पडतो आणि तो खरोखर इथूनच आला हे सांगणारी डिजिटल सही त्याच्यासोबत जाते. गंमत अशी, की सहीची रूढ पद्धत एका कच्च्या मसुद्यातून उचललेली आहे. तो मसुदा कधी पक्का झालाच नाही. पक्के मानक, आरएफसी ९४२१, फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. तेव्हा प्रश्न असा, की ज्या गावाला पाटीलच नाही, त्या गावाने एकमेकांना दाखवायची सही बदलायची कशी?

पहिला पूर्वपक्ष म्हणतो, चालतेय ते चालू द्या. हे म्हणणारे आळशी नाहीत. छोटे सर्व्हर एकदोन जण, नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवतात. प्रत्येक अपग्रेड त्यांच्या झोपेच्या मुळावर येतो. सही बदलली आणि समोरच्याने नाकारली, तर मजकूर वाटेतच हरवणार, आणि शिव्या सर्व्हरवाल्याला.

त्रास खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. 'चालते' याचा इथे अर्थ 'सवयीने चालते' एवढाच. मसुद्यात जे मोघम राहिले त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नियम वाचून भागत नाही. इतरांचे प्रोग्रॅम उकरून रिवाज शोधावा लागतो. मराठी वाचकाला हे दुखणे नवे नाही. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधला लेख आपल्या संगणकावर झकास 'चालत' असे. तोच दुसऱ्याला पाठवला की पडद्यावर चिन्हांचा किचकट पाला उगवे. युनिकोड आल्यावर आपण जुन्या फायली बदलत बसलो, वैतागलो, काही गमावल्याही. पण त्या वैतागाला भिऊन थांबलो असतो, तर आज मोबाइलवर मराठी लिहिता-वाचता आली असती का? आपल्या घरात चालणे ही प्रोटोकॉलची कसोटीच नव्हे. शेजाऱ्याच्या घरात तो चालतो का, हे पाहायचे.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट टोकाचा: एक तारीख जाहीर करा, त्या दिवशी जुने बंद. यात करारीपणा आहे आणि तारखेवाचून कोणी हलत नाही हेही खरे. पण नुसत्या तारखेने काय होते ते मार्च २०१७ मध्ये देशाने पाहिले. १ एप्रिलपासून बीएस-४ लागू होणार हे सर्वांना माहीत होते. जुन्या बीएस-३ वाहनांवरची बंदी उत्पादनावर की विक्रीवर, याबद्दल मात्र एकमत नव्हते. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, बीएस-३ वाहने विकायचीच नाहीत. तोवर आठ लाखांहून अधिक वाहने पडून होती. शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींवर सवलतींची कशी खैरात झाली, ते अनेकांना आठवत असेल. तारीख होती, पण तिचा अर्थ ठरलेला नव्हता. प्रोटोकॉलमध्येही 'जुने बंद' म्हणजे जुनी सही करणे बंद की स्वीकारणे बंद? या दोहोंत फरक न करणारी तारीख म्हणजे दुसरा २९ मार्च.

बीएस-६ च्या वेळी शहाणपण आले. जुन्या इंधनात दशलक्ष भागांत ५० पर्यंत गंधक चाले, नव्यात १०. नवे इंधन जुन्या इंजिनाला बाधत नाही. जुने इंधन मात्र नव्या गाडीची धूर शुद्ध करणारी यंत्रणा खराब करते. म्हणून दिल्लीच्या पंपांवर नवे इंधन १ एप्रिल २०१८ लाच आले, गाड्यांची सक्ती दोन वर्षांनी. ज्याने कोणाचे काही बिघडत नाही ते आधी आणायचे, आणि ज्याला त्या तयारीची गरज आहे ते मागाहून.

तिसरा पूर्वपक्ष गोड आहे: एवढी उठाठेव कशाला, मोठ्या कंपनीला करू द्या. मेटाचे थ्रेड्स मार्च २०२४ पासून काही देशांत या जाळ्याला जोडलेही गेले. मोठा खेळाडू नवी सही वापरू लागला की बाकीचे मुकाट मागे येतील, असा हिशेब.

हा हिशेब एकदा करून झाला आहे. गूगल टॉकने २००६ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर आपले दार इतर सर्व्हरांसाठी उघडले, तेव्हा खुल्या जाळ्याला सोन्याचे दिवस आल्यासारखे वाटले. २०१३ मध्ये त्याची जागा घेणारे हँगआउट्स आले, ते इतरांशी बोलणारे नव्हते. त्याच सुमारास एक्सएमपीपीच्या सर्व्हरचालकांनी ठरवले, की सर्व्हर-सर्व्हरमधले बोलणे कूटबद्धच हवे. पक्की तारीख १९ मे २०१४. पण त्याआधी जानेवारीपासून एकेका दिवसाच्या रंगीत तालमी घेतल्या: त्या दिवशी कूटलेखन सक्तीचे करायचे, काय तुटते ते पाहायचे, दुसऱ्या दिवशी पूर्ववत. गूगलचे सर्व्हर हे कूटलेखन करतच नव्हते, त्यामुळे मे महिन्यानंतर ज्यांनी नियम पाळला त्यांचा जीमेलवाल्यांशी संपर्क तुटला. म्हणजे सुधारणा केली छोट्यांनी, अडसर ठरला मोठा. मोठा येतो तेव्हा उपयोगी पडतो यात वाद नाही, पण त्याच्या सोयीने प्रोटोकॉल बांधला की तो जाताना दारही घेऊन जातो.

आता मंडन. मालक नसलेल्या जाळ्यात अपग्रेड हा हुकूम नसतो. तो पायऱ्यापायऱ्यांनी पाळायचा करार असतो. पहिली पायरी: नवी सही ओळखायला शिका, करायला नव्हे. मॅस्टोडॉनने हाच क्रम धरला आहे. दुसरी: पाठवताना एक पद्धत वापरून पाहा, नाकारली तर दुसरी, आणि कोणत्या दाराला कोणती चालली ते लक्षात ठेवा. इंग्रजीत याला दोनदा दार ठोठावणे म्हणतात. तिसरी: तारीख जाहीर करा, ती करण्याची की स्वीकारण्याची हे स्पष्ट लिहा, आणि तालमी घ्या. चौथी, सगळ्यांत अवघड: त्या दिवशी जुने खरोखर बंद करा. दोन्ही पद्धती कायम चालवणे म्हणजे उदारपणा नव्हे, कच्च्या मसुद्याला दिलेले पेन्शन आहे.

या चौथ्या पायरीवर काहीजण मागे राहतील, हे मी लपवत नाही. मॅस्टोडॉन आधी 'ओस्टेटस' या प्रोटोकॉलवर होते. केवळ अनुयायांसाठी लिहिलेला मजकूर त्यात धड सांभाळला जात नसे. २०१७ मध्ये ॲक्टिव्हिटीपब आले, दोन वर्षे दोन्ही चालले, आणि ऑक्टोबर २०१९ च्या ३.० आवृत्तीत ओस्टेटस काढून टाकले. जे फक्त त्यावरच होते ते तुटले. पुढच्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्याच्या निषेधार्थ, भारतीयांचा लोंढा मॅस्टोडॉनवर आला. तिथे नुकतीच एक भाषा पुसली गेली आहे, हे त्यांना जाणवण्याचे कारणच नव्हते. चांगल्या अपग्रेडची यापेक्षा वेगळी पावती कोणती?

त्याच आवृत्तीने आणखी एक सोय दिली: सर्व्हर बदलताना अनुयायी बरोबर नेण्याची. लिहिलेला मजकूर मात्र अजून मागेच राहतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे समाजमाध्यम 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथली मराठी उचलून न्यायला दुसरे घर नव्हते. म्हणून सहीनंतरचा अपग्रेड मजकूर हलवण्याचा हवा, आणि त्यालाही हाच क्रम: आधी येणारा मजकूर ठेवून घेण्याची तयारी, मग पाठवण्याची सोय.

आज रात्री एखादा छोटा सर्व्हर अद्ययावत करायला बसलेल्याने नवी सही करण्याची घाई करू नये. दुसऱ्याने केलेली आपल्याला ओळखता येते का, तेवढे तपासावे आणि झोपी जावे. पंपावर इंधन आलेले असले, म्हणजे इंजिनाला सवड मिळते.