शनिवार मैदानात भरू द्या

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी राज्याने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आणला. मुलांवरचा ताण हलका व्हावा, शाळेची ओढ वाटावी, हा त्यामागचा हेतू मोलाचा आहे. पण त्यातले ध्यान-प्राणायाम बाकांवर बसूनच उरकले आणि फोटो वरिष्ठांना पाठवून मोकळे झाले, तर मुलांच्या हाती काही लागणार नाही.

वर्गाबाहेरचे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. भोवतीची पाने, बिया, खडे हेच तिथले शैक्षणिक साहित्य. त्याला ना निविदा लागली, ना अॅप.

आज अडचण वेगळी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेला मैदान बंधनकारक करतो. शहरांतल्या कित्येक मुलांच्या वाट्याला मात्र फरशी घातलेला चौक येतो. महापालिकांनी शनिवारी सकाळी जवळची उद्याने शाळांसाठी राखून ठेवावीत. आणि मुलांना बाहेर नेणाऱ्या शिक्षकाकडून त्या दिवशीचा अहवाल मागू नये.