पांढऱ्या रेघा

या आठवड्यात मिशलँ कंपनीचा जुना नकाशा पुन्हा जमिनीवर पसरला. फ्रान्समध्ये सायकल चालवायची तर त्यावरचे लाल, म्हणजे मोठे रस्ते सोडा, पिवळेही जमेल तितके टाळा आणि बारीक पांढऱ्या रेघा, म्हणजे छोटे रस्ते धरा, हे माझं पक्कं मत. नैऋत्येकडच्या लोत नदीचंच बघा. काठचा रस्ता सुंदर आहे, पण काझार्कहून वर चुनखडीच्या पठारावर चढलात की खरी शांतता भेटते: बुटके ओक, मेंढ्या, आणि चुना-माती न वापरता रचलेले दगडी गडगे, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे. ते पाहून मला परक्या देशात गहिवरून आलं होतं. दुपारी दुकानं बंद असतात, म्हणून पाव सकाळीच घ्यावा. पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधावी. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो, 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर बाटली भरावी आणि तिथल्या शेजाऱ्यांचे मनोमन आभार मानावेत. गावाबाहेर सायकलस्वाराला मागे टाकताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचं, असा तिथला कायदा आहे. एका चढावर मागचा ट्रॅक्टरवाला वळण संपेपर्यंत हॉर्न न वाजवता थांबला होता. पुढे जाताना त्याने हात केला, मीही केला.