हसू पुन्हा का येते?
जुन्या विनोदी मालिकेला अभिजात म्हणताना आपण बहुतेकदा स्वतःच्या तरुणपणालाच दाद देत असतो, असा एक आक्षेप आहे. पण ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००४मध्ये ‘स्टार वन’वर आली तेव्हा टीआरपीत मागेच होती, तिचे कितीतरी चाहते पुनःप्रक्षेपणांनंतरचे. टिकला तो स्वभावांचा पक्केपणा. सून मोनिशाने दोन पैसे वाचवायची युक्ती काढली, की तिची कफ परेडची उच्चभ्रू सासू माया नाक कसे मुरडणार हे आधीच ठाऊक असते, आणि हसू येते ते त्यामुळेच. (धक्क्यावर उभा विनोद दुसऱ्यांदा शिळाच लागतो.) नुसत्या आठवणींवर भागत असते, तर २०१७मध्ये जवळपास त्याच नटसंचाने वेबवर आणलेले दुसरे पर्व तितकेच रंगले असते. ते रंगले नाही.