पालकांनो, सही करण्याआधी वाचा!

जून महिना आला की वह्या, दप्तर, छत्री यांच्या खर्चाने आपल्या घरातले आई-बाप मेटाकुटीला येतात. तरीही पोटाला चिमटा घेऊन ते मुलांना शाळेत घालतात. पण एकदा नाव पटावर चढले की आपले काम संपले, पुढचे सारे गुरुजी बघतील, असा समज आपल्या वस्त्यांतून अजूनही घट्ट आहे. शाळेच्या सभेची चिठ्ठी आली तर 'आज खाडा परवडणार नाही' म्हणून ती बाजूला पडते. मग कधी तरी वही दारात येते. जिथे बोट दाखवतील तिथे आपण सही करतो, नाही तर अंगठा उठवतो. ती वही कसली असते आणि त्या सहीची किंमत किती, याबद्दल आज आम्हांला बोलायचे आहे.

ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची. १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ हा अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, महापालिकेच्या प्रत्येक शाळेत ही समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत. निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख करणे ही समितीची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. खाजगी अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. पण आपली बहुसंख्य मुले ज्या सरकारी शाळांत शिकतात, तिथे तिचा अधिकार पुरता आहे.

हे हक्क आपल्याला सुखासुखी मिळालेले नाहीत. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. कर शेतकरी-कष्टकऱ्यांनी भरायचा आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च व्हायचा, हा अन्याय त्यांनी सरकारला ऐकवला. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. शाळेत काय शिकवावे, शिक्षक कसा असावा, हेही त्यांनी सांगितले. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला.

बाबासाहेबांनी तर १९२७ साली मुंबई विधिमंडळात आकडेच मांडले. शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला निवेदन दिले. प्राथमिक शाळांचा कारभार स्कूल बोर्डांकडे सोपविला तर अस्पृश्यांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यात बजावले होते. शाळा नुसती उघडून भागत नाही. तिचा कारभार कोणाच्या हाती आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच पाहिले होते. आज त्याच कारभाराच्या समितीत कायद्याने आपल्याला जागा दिली आहे, आणि आपण घरबसल्या सही करून ती जागा सोडून देत आहोत!

'आम्ही अडाणी माणसं, शाळेचा दर्जा आम्हांला काय कळणार?' असे पुष्कळ माता-भगिनी म्हणतात. आम्ही म्हणतो, तुम्हांला शंभरपर्यंत मोजता येते ना? मग दर्जा मोजता येईल. पहिली ते पाचवीच्या वर्गांत मिळून साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, असे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत दिले आहे. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, वाचनालय, खेळाचे मैदान, कुंपण हे सारे त्याच अनुसूचीत आहे. मुलगी दिवसभर पाणी न पिता घरी येते, कारण स्वच्छतागृहाला कुलूप असते. हे तिच्या आईइतके कोणत्या अधिकाऱ्याला कळणार? पोरगं चौथीत आहे आणि त्याला एसटीची पाटी वाचता येत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना वेळोवेळी सभा घेऊन सांगणे, हे कलम २४ नुसार शिक्षकांचे कर्तव्य आहे.

आम्ही कारकुनी करतो. कार्यालयात तोंडी गाऱ्हाणे टेबलापर्यंत पोचत नाही, कागद मात्र साहेबापर्यंत जातो, हे रोज पाहतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. कोऱ्या पानावर सही करू नका. वाचता येत नसेल तर इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या, मगच अंगठा द्या. जी मागणी असेल तिचा ठराव लिहून घ्या आणि तो अर्जासोबत जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. आणि पहिल्याच सभेत ठराव करा की सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, म्हणजे कोणाची रोजंदारी बुडणार नाही.

हे सारे आजच निकडीचे का? २०२३ साली राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले होते. छोट्या वाड्या-पाड्यांवरची आणि वस्त्यांतली शाळा अशा वेळी आधी नजरेत भरते. शाळा दूर गेली की घरातली पहिली शाळा सुटते ती मुलीची. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे ठरलेले आहे. पण हा नियम सरकारपुढे लेखी मांडणार कोण? समिती जागी असेल तर ती मांडेल. समिती कागदावरच असेल तर शाळेबद्दलचा निर्णय वहीत आपल्याच सहीखाली निघेल.

लोक बोलले की सरकार ऐकते, हेही आपण पाहिले आहे. पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला. पालक, शिक्षक, साहित्यिक, पक्ष सारे बोलू लागले. शेवटी २९ जूनला याविषयीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतल्याचे सरकारने जाहीर केले. भाषेचा प्रश्न मोठा, म्हणून राज्यभर आवाज उठला. आपल्या शाळेतला गणिताचा रिकामा तास मात्र राज्यभर कोणी बोलणार नाही. तो आपल्यालाच बोलावा लागेल.

शिक्षक हे आपले वैरी नव्हेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून त्यांना शाळाबाह्य कामाला जुंपू नये, असे कलम २७ सांगते. गुरुजी वर्गाऐवजी माहिती भरण्यात अडकले असतील तर समितीने त्यांच्या बाजूनेही ठराव करावा. आपली मुले शिकावीत असे मनापासून वाटणारे गुरुजी अशा पालकांची वाटच पाहत असतात.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एवढे करा. आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन समितीच्या सभासदांची नावे विचारा. त्यांत आपल्या वस्तीतले किती, स्त्रिया किती, ते मोजा. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास थांबा आणि शिकलेल्या एखाद्या मुलीकडून कलम २१ सर्वांसमोर वाचून घ्या. पुढच्या सभेला निदान दोन आया आणि दोन बाप जोडीने जा. एकट्याला जे बोलायला जड जाते, ते चौघे मिळून बोलता येते.

जयभीम!