परका शिक्षक आणि गावाची भाषा

परदेशी शिकवायला गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे बहुधा दोन सुरांत बोलले जाते. एक सूर अभिमानाचा, दुसरा थंडी, घरभाडे आणि जेवणाच्या आबाळीचा. परक्या गावात शिक्षक रुजतो केव्हा, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण पाहा. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी पालीच्या ओढीने श्रीलंकेपर्यंत गेले आणि १९१० साली हार्वर्डला पोहोचले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग'चे संपादन पूर्ण करण्यासाठी त्यांना बोलावले होते. काम चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली चालले. संपादनाचे श्रेय कोणाला व कसे द्यायचे यावरून दोघांत मतभेद झाले आणि १९१२ साली कोसंबी परतले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. त्यानंतरही ते अमेरिकेला अनेकदा गेले; परंतु हार्वर्डची ती आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० साली, लॅनमन आणि कोसंबी दोघेही गेल्यानंतर. साधेपणाने राहण्याची सवय असलेल्या कोसंबींना परक्या शहराची गैरसोय जड गेली असेल असे वाटत नाही. प्रश्न होता तो ज्ञान घेऊन आलेल्या माणसाचे नाव घेण्याचा. शिक्षकाने शहराशी जुळवून घ्यावे, हे खरेच. पण शहरानेही त्याला जागा द्यावी लागते.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. मॅक्सीन बर्नसन १९६१ साली अमेरिकेतून भारतात आल्या आणि हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले. १९६६ साली त्या फलटणला आल्या त्या तिथल्या बोलीच्या अभ्यासासाठी. मराठी शिकून थांबल्या नाहीत. जई निंबकर यांच्यासोबत त्यांनी मराठीच्या व्याकरणाचा संदर्भग्रंथ सिद्ध केला. १९७८ साली भारतीय नागरिकत्व घेतले आणि पुढे शाळेने टाकलेल्या मुलांना वाचायला शिकवत प्रगत शिक्षण संस्था उभी केली. घरची बोली घेऊन येणाऱ्या मुलाला 'अशुद्ध' ठरवले की ते शाळेतून सुटते, हे मराठी मातृभाषा असलेल्या अनेक शिक्षकांपेक्षा या परक्या बाईंना अधिक कळले. याचे कारण मला असे दिसते की मराठी त्यांनी कष्टाने मिळवली होती. भाषा मिळवावी लागते हे ज्याला ठाऊक असते, तो दुसऱ्याच्या चुकीवर चटकन हसत नाही.

हे सारे उमरग्यात बसून लिहिण्याचे कारण आहे. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या, १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या तालुक्यात वर्गातली मुले एकाच भाषेतून येत नाहीत. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी दखनी उर्दू, तांड्यावरून येणाऱ्याच्या ओठी गोरमाटी. आणि ज्यांची मराठी, तिचाही हेल पुस्तकातल्या मराठीचा नव्हे. अशा गावात सोलापूर-लातूरहून 'अप-डाऊन' करणारा प्राध्यापक हाही परदेशी शिक्षकच. त्याला पारपत्र लागत नाही, एवढाच फरक. पाचच्या गाडीने तो परततो, आणि मुले घरी काय बोलतात हे त्याच्या कानावर कधी पडत नाही. मग निबंधातील कन्नड वळणाच्या वाक्याखाली तांबडी रेघ तेवढी उमटते.

यावर सहकारी म्हणतील की मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचे औषधपाणी हे सगळे सोडून गावात कसे राहायचे? आक्षेप रास्त आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढच्या वर्षी काम असेल की नाही हे माहीत नसलेल्या तरुणाला 'इथे रुजा' असे सांगणे तर क्रूरपणाचे आहे. ज्याला संस्था आपला मानत नाही, त्याने गाव आपले मानावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? हार्वर्डमधला प्रश्न इथे अधिक उघडावाघडा होऊन उभा राहतो.

तरीही ज्यांची नोकरी कायम आहे, वेतन नियमित आहे, त्यांना ही पळवाट उपलब्ध नाही. मुक्काम करणे जमत नसेल तर निदान वर्गातल्या मुलांकडून दहा कन्नड, दहा गोरमाटी शब्द शिकणे जमावे. ज्या दिवशी मूल प्राध्यापकाचा उच्चार सुधारून देते, त्या दिवशी त्याला आपली भाषाही शिकवण्याजोगी आहे हे कळते. मग आपण शिकवू ती प्रमाण मराठी ते भीतीपोटी घोकणार नाही, आणखी एक भाषा म्हणून हक्काने उचलेल.