बीज मोजून झाले, आता पोसा

हतनूर, वाघूर, गिरणा, अक्कलपाडा. पावसाळ्यात खानदेशातली धरणं भरू लागली की मत्स्यबीज सोडायची लगबग सुरू होते. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या काठावर उघडल्या जातात आणि नोंद होते ती लाखांत. त्यातलं जगलं किती, हा प्रश्न सहसा मागेच राहतो.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. पुढे जिऱ्यांसाठी, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांसाठी, नद्या धुंडाळायची वेळ हळूहळू सरली. पण जिरे म्हणजे मासा नव्हे. कटला, रोहू, मृगळ यांचे जिरे जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचे. लाखभर तराजूत घातले तरी भरतात सुमारे १४० ग्रॅम! पंधरा-वीस दिवसांत त्यांचं २५ मिलिमीटरचं बीज होतं आणि आणखी दोन-तीन महिन्यांत ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली. बीज धरणात सोडणं म्हणजे मरळ माशांची न्याहारी. बोटुकली निदान पळ तरी काढते.

बोटुकली मात्र फुकट होत नाही. संगोपन तळ्यात आधी शेण, शेंगदाणा पेंड आणि सुपर फॉस्फेट कुजवून घालतात, त्यावर प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, पोसतात. ५० लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळल्यावर एक-दोन मिलिलिटर वळवळता साका उरला, की तळं तयार. तेवढं काही दिवसांतच फस्त होतं. म्हणून शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन, पिठासारखा दळून द्यायचा: लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढे १२०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. सोबत खनिजं आणि जीवनसत्त्वांची चिमूट. हात सैल सुटला तर उरलेली पेंड सडते आणि पिल्लं प्राणवायूवाचून जातात.

सगळ्याच पिल्लांना पेंड-कोंडा चालत नाही. कोकणातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, पाणी गाळून खातात. त्यांची पिल्लं संगोपनगृहात वाढवायची तर आधी सूक्ष्म शैवालाची शेती करावी लागते. खानदेशाचं काम त्या मानाने सोपं. इथे शेंगदाणा पिकतो, तेलघाण्या आहेत, भाताचा कोंडा नवापूरकडून येऊ शकतो. सरकीची पेंड ढिगाने मिळते, पण तिच्यातलं गॉसिपॉल पिल्लांना बाधतं; ती म्हशीलाच बरी.

तळी कुठून आणायची? केळीच्या बागांना लागून शेततळी आहेतच. ती भरून ठेवायची उन्हाळ्यासाठी, त्यामुळे पावसाळा ते दिवाळी पाणी नुसतं उभं असतं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीचा आधार नसल्याने प्लवंग कमी धरतं. तिथे पेंड-कोंड्यावर जास्त भिस्त ठेवावी लागेल, हा खर्च आधीच धरलेला बरा.

मत्स्यव्यवसाय विभागाने धरणांसाठी ८० मिलिमीटरहून लहान बीज घेणंच थांबवावं. पैसे नगाऐवजी लांबीवर द्यावेत आणि बोटुकलीची पहिली मागणी भोई समाजाच्या मच्छीमार संस्थांकडे नोंदवावी. शेततळी भाड्याने घेऊन त्यांनी जुलैत जिरे सोडले, तर दिवाळीच्या सुमारास गिरणेत सोडण्याजोगी बोटुकली हाताशी असेल.